आजीची पावती

८ मे २०२५ ची रात्र. डोंबिवलीतल्या आमच्या घरात टीव्हीसमोर जेवणं चालली होती. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवस झाले होते. प्रत्येक वाहिनीवर भोंगे वाजत होते आणि त्यातला खरा कुठला, स्टुडिओतला कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. एका वाहिनीनं सांगितलं की आपल्या नौदलानं कराची बंदर उद्ध्वस्त केलं. मग दुसरीनं सांगितलं. तिसरीनं तर नकाशाच काढला. मी हातातला घास तसाच धरून उठून उभा राहिलो.

ताई म्हणाली, "सरकारनं सांगितलंय का हे? कुणी पाहिलंय?"

प्रश्न साधा होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर हाच प्रश्न विचारत असतो. सहकारी म्हणाला की बग गेला, तर मी विचारतो, टेस्ट चालवून पाहिलीस का? त्याचा कुणाला राग येत नाही. पण त्या रात्री मी ताईकडे वळून म्हणालो, "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

ताई काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. सकाळपर्यंत कळलं की कराची बंदर जागच्या जागी आहे. मी चहा प्यालो, लॅपटॉप पाठीला लावला आणि ऑफिसला गेलो. माफी वगैरे मागितली नाही.

त्या रात्री कोपऱ्यातल्या खुर्चीत आजीही होती. ती आता नव्वदीला टेकलीय. तिला ऐकायला कमी येतं, पण ऐकू नये ते नेमकं ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला हाक मारली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घड्यांवर फाटत आलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "वाच."

१९६२ सालची पावती होती. राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेली कानातली सोन्याची फुलं, एक जोड. खाली आजीचं नाव.

"ही एवढी जपून का ठेवलीस?"

"दाखवायला लागायची म्हणून."

"कुणाला?"

"तू परवा ताईला विचारलंस ना, तसं विचारणाऱ्यांना."

दारावरचा कोळसा

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर होते. युनियन लाल बावट्याची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. १९५७ साली मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेवर निवडून आले तेव्हा आमच्या चाळीनं गुलाल उधळला होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा आजोबांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं म्हणे. हे 'म्हणे' आजीचंच.

त्यानंतर अडीच वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चिनी फौजा नेफा आणि लडाखमध्ये घुसल्या. आठ-दहा दिवसांत चाळीतल्या आमच्या दारावर कुणीतरी कोळशानं एक शब्द लिहिला: 'चिनी'.

आजीनं तो ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. नळावरच्या रांगेत ती गेली की बोलणं थांबायचं. वाण्यानं उधारी बंद केली, कारण मात्र सांगितलं नाही. अशात एका रविवारी मैदानात निधी गोळा करायला टेबल मांडलं होतं. बायका अंगावरचं सोनं काढून देत होत्या. आजीनंही दिलं.

"भीतीनं दिलंस?" मी विचारलं.

"नाही रे. जवान थंडीत मरत होते, ते ऐकून दिलं. पावती मात्र भीतीनं ठेवली."

मग मी तो प्रश्न विचारला जो मला खरं तर विचारायचा होता. आजोबांचं म्हणणं तरी काय होतं? आजीनं काही लपवलं नाही. आजोबांना कितीतरी दिवस खरंच वाटत होतं की समाजवादी देश दुसऱ्या देशावर हल्ला करणारच नाही. बातम्या फुगवलेल्या आहेत, बसून बोललं तर मिटेल, असं ते नाक्यावर मोठ्यानं सांगायचे. पुढे त्यांनाही कळलं की हल्ला खरा आहे.

"ते चुकले होते," आजी म्हणाली. "पण चुकणं निराळं आणि विकलं जाणं निराळं. लोकांनी त्यांना विकलेला माणूस म्हटलं."

त्या आठवड्यापासून मी वाचायला लागलो. गिट नावाची एक प्रणाली आम्ही वापरतो. तिच्यात एक आज्ञा आहे, 'गिट ब्लेम'. कोडची कुठलीही ओळ कुणी आणि कोणत्या दिवशी लिहिली, हे ती सांगते. मला 'देशद्रोही' या शब्दाचं तसं काहीतरी करून बघायचं होतं. कुणी कुणाला, कधी, आणि तेव्हा काय चाललं होतं. आजोबांच्या दारापासून मागे जात गेलो तो थेट १९४२ च्या गवालिया टँकवर जाऊन पोहोचलो.

राज आणि देश

आधी शब्दांचं बघू. मराठीत 'राजद्रोह' हा शब्द बराच काळ मानाचा होता. टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ मध्ये सहा वर्षांची, आणि ते मंडालेला गेले. दोन्ही वेळा त्यांची उंची वाढली. कारण राज परक्याचं होतं, त्याचा द्रोह म्हणजे देशाची सेवा. 'देशद्रोही' हा मात्र त्याच काळातला सर्वात वाईट शब्द. राजद्रोही आणि देशद्रोही हे जवळजवळ विरुद्धार्थी शब्द होते.

स्वातंत्र्यानंतर राज आपलंच झालं आणि या दोन शब्दांमधली भिंत पडली. सरकारवर टीका करणं आणि देशाविरुद्ध जाणं यांत फरक आहे, हे दर वेळी नव्यानं समजावून सांगावं लागू लागलं. आणि युद्ध सुरू असताना समजावून घ्यायला कुणाला वेळ नसतो.

पण १९४२ मध्ये गुंता याहून मोठा होता. तेव्हा राज इंग्रजांचं होतं, आणि युद्ध हिटलरशी होतं.

बाजू बदलणारं युद्ध

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीयांना न विचारता भारतही युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कम्युनिस्ट तर त्याहून पुढे होते. त्यांच्या मते हे साम्राज्यवाद्यांचं आपसातलं भांडण होतं आणि त्यात भारतानं एक पैसाही देऊ नये. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत गिरणी कामगारांनी युद्धविरोधी संप केला. डांगे, रणदिवे आणि इतर अनेकांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. समाजवादी जयप्रकाश नारायण त्याच छावणीत होते. देवळी हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

२२ जून १९४१ ला हिटलरनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला. युद्ध तेच, इंग्रज तेच, पण कम्युनिस्टांच्या दृष्टीनं सगळं फिरलं. काही महिने पक्षात वाद झाला आणि वर्ष संपता संपता भूमिका बदलली. आता हे 'लोकयुद्ध' होतं, ते जिंकायलाच हवं होतं. जुलै १९४२ मध्ये सरकारनं पक्षावरची बंदी उठवली. त्याच महिन्यात मुंबईतून पक्षाचं 'पीपल्स वॉर' निघू लागलं. त्याची मराठी आवृत्ती होती 'लोकयुद्ध'.

आज हे वाचताना हसू येतं. मॉस्कोत पाऊस पडला की मुंबईत छत्री उघडायची, असंच दिसतं. पण १९४२ चा उन्हाळा डोळ्यांपुढे आणला तर चित्र इतकं सोपं राहत नाही. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, मार्चमध्ये रंगून. जपानी फौजा भारताच्या दारात होत्या. जर्मन फौजा रशियात आत आत चालल्या होत्या. फॅसिझम जिंकला तर स्वातंत्र्य कुठल्या जगात मिळवणार, हा प्रश्न फक्त कम्युनिस्टांचा नव्हता. राजाजींना 'छोडो भारत'ची वेळ चुकीची वाटत होती. बाबासाहेब आंबेडकर जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून गेले. सावरकर हिंदूंनी सैन्यात भरती व्हावं म्हणून प्रचार करत होते. मानवेंद्रनाथ रॉय यांचा युद्धाला पाठिंबा होता. या चौघांची कारणं एकमेकांशी अजिबात जुळणारी नव्हती. आणि चौघांपैकी कुणाला ना कुणाला आजही कुणीतरी '४२ मध्ये तुम्ही कुठे होतात?' असं विचारत असतंच.

ते तेरा जण

८ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक मैदान. अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे 'छोडो भारत'चा ठराव होता. नेहरूंनी मांडला, पटेलांनी अनुमोदन दिलं. प्रचंड बहुमतानं तो मंजूर झाला. विरोधात मतं पडली तेरा. त्यांतले बहुतेक कम्युनिस्ट.

जरा कल्पना करा. बाहेर हजारो लोक. देशाच्या इतिहासातली सर्वात भारलेली रात्र. आणि त्या गर्दीत तेरा माणसं हात वर करून सांगतात, आम्हाला हे मान्य नाही.

त्यानंतर गांधीजी बोलायला उभे राहिले. 'करेंगे या मरेंगे' आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. त्या भाषणाची सुरुवात मात्र शाळेत कुणी सांगत नाही. निदान मला कुणी सांगितली नव्हती. ठराव मंजूर केल्याबद्दल सभेचं अभिनंदन करून गांधीजींनी लगेच त्या तेरा जणांचंही अभिनंदन केलं. विरोधात मत देऊन त्यांनी लाज वाटण्यासारखं काही केलेलं नाही, असं ते म्हणाले. आपण अगदी मूठभर असलो, लोक हसत असले, तरी धीर सोडायचा नाही, हेच तर आपण गेली वीस वर्षं शिकत आलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मी हे वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो. ठाणे कधी गेलं कळलं नाही.

कारण हा माणूस काही तासांत तुरुंगात जाणार होता. पहाटे त्यांना पकडून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. तिथे आठवड्याच्या आत महादेवभाई देसाई गेले, पुढे कस्तुरबाही तिथेच गेल्या. आयुष्यातला सर्वात मोठा डाव मांडायच्या क्षणी, आपल्या विरोधकांच्या निष्ठेवर शंका घ्यायची उत्तम संधी समोर असताना, त्यांनी ती घेतली नाही. चूक की बरोबर याचा निकाल दिला नाही. मत देण्याचा हक्क तेवढा मान्य केला.

दुर्दैवानं, ती सभ्यता त्या मैदानाबाहेर फार टिकली नाही.

दोन्हीकडून

नेते तुरुंगात गेले आणि चळवळ लोकांच्या हातात आली. उषा मेहतांनी मुंबईत गुप्त रेडिओ चालवला. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहू लागलं. जयप्रकाश दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले. रूळ उखडले जात होते, तारा तोडल्या जात होत्या.

आणि कम्युनिस्ट कामगारांना सांगत होते, संप करू नका, उत्पादन थांबवू नका. काँग्रेस नेत्यांना सोडा, ही मागणीही ते करत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांच्या कार्यकर्त्यांनी जीव तोडून काम केलं. पण त्यांच्या पत्रांमधली भाषा पाहा. भूमिगत समाजवादी त्यांच्या लेखी 'पंचमस्तंभी' होते, म्हणजे शत्रूसाठी आतून काम करणारे. स्पेनच्या यादवी युद्धातून आलेला हा शब्द तेव्हा नवा आणि धारदार होता. सुभाषचंद्र बोस यांना व्यंगचित्रांमध्ये जपान्यांच्या हातचं बाहुलं दाखवलं गेलं. सुभाषबाबूंचा मार्ग चुकीचा वाटणं एक गोष्ट. त्यांना भाडोत्री ठरवणं ही दुसरी. १९६२ मध्ये आजोबांच्या दारावर जो कोळसा घासला गेला, तो वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्षानं दुसऱ्यांच्या दारावर घासला होता. हे वाचताना मला आजीची आठवण झाली आणि बरं वाटलं नाही.

काँग्रेसकडूनही परतफेड झालीच. कम्युनिस्टांना सरकारचे पैसे मिळतात, ते कार्यकर्त्यांची नावं पोलिसांना देतात, असं सर्रास बोललं जाऊ लागलं.

मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले. त्यांच्या कानावर हे सगळं आलं होतं. त्यांनी काय केलं? कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांना पत्र लिहून थेट प्रश्न विचारले. लोकयुद्धातले 'लोक' म्हणजे नेमके कोण? पक्षाचा पैसा कुठून येतो, हिशेब तपासायला मिळतील का? संपाच्या पुढाऱ्यांना पकडून देण्यात तुमच्या लोकांनी मदत केली का? काँग्रेसमध्ये तुम्ही वाईट हेतूनं शिरता का? तुमचं धोरण बाहेरून ठरतं का?

प्रश्न अजिबात गुळमुळीत नव्हते. पण ते प्रश्न होते, आणि ज्याच्याबद्दल होते त्यालाच विचारलेले होते. जोशींनी सविस्तर उत्तरं दिली, हिशेब दाखवायची तयारी दाखवली. गांधीजींचं सगळं समाधान झालं असं नाही. तो पत्रव्यवहार पुढे छापला गेला. ज्याला मत बनवायचं त्याला दोन्ही बाजू वाचून बनवता आलं.

काँग्रेस पक्ष म्हणून मात्र इतका धीर नव्हता. १९४५ च्या अखेरीस कम्युनिस्टांना काँग्रेसच्या समित्यांमधून बाहेरचा रस्ता दाखवला गेला. 'बेचाळीसचे गद्दार' हा शिक्का त्यांच्या कपाळी बसला तो बसलाच.

गंमत पुढे आहे. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. बेचाळीसला वेश बदलून भूमिगत राहिलेले समाजवादी एस. एम. जोशी आणि 'लोकयुद्ध'वाल्या पक्षाचे डांगे एकाच व्यासपीठावर बसले. आणि प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, बेचाळीसचा महाराष्ट्रातला सर्वात मोठा नायक, १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. कुठल्या पक्षाकडून? कम्युनिस्ट. ज्यांना सारा देश बेचाळीसचे गद्दार म्हणत होता, त्यांच्यात बेचाळीसचा नायक स्वतःच्या पायांनी जाऊन बसला होता. शिक्का तेव्हा फिका पडत चालला होता. मग १९६२ आलं.

हिमालय, सह्याद्री आणि देवळी

सीमावाद १९५९ पासून तापला होता आणि कम्युनिस्ट पक्षात तेव्हापासून दोन तट होते. एक तट डांग्यांचा, जो भारताच्या बाजूनं स्पष्ट बोलत होता. दुसऱ्याला चीनला आक्रमक म्हणणं जड जात होतं. २० ऑक्टोबर १९६२ ला मोठा हल्ला झाला. १ नोव्हेंबरला पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेनं बहुमतानं ठराव केला: चीनचं आक्रमण निषेधार्ह आहे, पक्ष देशाच्या संरक्षणासाठी सरकारच्या मागे आहे. अल्पमत विरोधात गेलं.

ठराव झाला, पण पक्षाच्या कार्यालयांवर हल्ले व्हायचे ते झालेच. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी शस्त्रसंधी केली. नेमक्या त्याच सुमारास भारत संरक्षण नियमांखाली शेकडो कम्युनिस्ट पकडले गेले, त्यांत रणदिवे होते. खटला नाही, आरोपपत्र नाही. आजोबांच्या मजल्यावरचा एक कामगार त्या वेळी गेला तो कित्येक महिन्यांनी परतला. त्यानं काय केलं होतं ते त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

चीनला आक्रमक म्हणायला ज्यांची जीभ अडखळली, त्यांच्यावर कडक टीका व्हायलाच हवी होती. जवान गोठत असताना शब्दांची कसरत करणं हे राजकीय आणि नैतिक अपयशच आहे. पण टीकेला उत्तर देता येतं, बिनखटल्याच्या कोठडीला काय उत्तर देणार?

आणि ज्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता, त्यांचं काय? आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहणारे चिनी वंशाचे लोक होते. चहामळ्यांवर, सुतारकामात, चामड्याच्या धंद्यात, हॉटेलांत राबणारे. त्यांतल्या सुमारे ३ हजार जणांना, पोराबाळांसकट, आगगाडीत घालून राजस्थानात नेलं. कुठे? देवळीला. त्याच छावणीत, जिथे इंग्रजांनी डांगे-जयप्रकाशांना ठेवलं होतं. त्यांतले कित्येक भारतात जन्मलेले होते. काही जण १९६७ पर्यंत तिथेच होते. सुटून आले तेव्हा घरंदारं दुसऱ्यांची झाली होती.

त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानानं म्हणू लागला. मीही ते लहानपणापासून ऐकत आलोय. अभिमान खोटा नाही. पण हिमालयाला मदत का लागली, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नाही.

हा प्रश्न विचारणारे होते. कृष्ण मेनन यांना जावं लागलं ते प्रामुख्यानं काँग्रेसच्याच खासदारांच्या दबावामुळे. तरुण वाजपेयींनी युद्ध चालू असताना संसदेचं अधिवेशन मागितलं आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते बोलावलं. म्हणजे युद्ध चालू असताना सरकारला जाब विचारता येतो, हे याच देशानं दाखवून दिलंय. नंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली. चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत तिचा गोषवारा सांगितला. पूर्ण अहवाल मात्र सरकारनं आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं इंटरनेटवर टाकला, तेव्हा लोकांना वाचायला मिळाला.

जवान अपुऱ्या कपड्यांत आणि जुन्या बंदुका घेऊन एवढ्या उंचीवर का गेले, याचं पूर्ण उत्तर देशाला साठ वर्षांत अधिकृतपणे मिळालं नाही. लालबागच्या चाळीत चिनी कोण, हे मात्र दहा दिवसांत ठरलं होतं.

भाऊजी

इथे थांबलो असतो तर आजोबा या गोष्टीत नुसते सोसणारे राहिले असते. पण आजीनं थांबू दिलं नाही. "पुढचं पण लिही," ती म्हणाली.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकानं काही पत्रं छापली. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात तुरुंगात असताना डांग्यांनी सुटकेच्या बदल्यात इंग्रज सरकारला मदत देऊ केली होती, असा त्या पत्रांचा अर्थ होता. डांगे म्हणाले, पत्रं बनावट आहेत. विरोधी तट म्हणाला, राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले. वर्ष संपायच्या आत पक्षाचे दोन पक्ष झाले.

आजोबांचे एक मित्र होते. त्याच गिरणीत, शेजारच्या साच्यांवर. आजी त्यांना भाऊजी म्हणायची. बासष्टमध्ये आजोबांच्या दारावरचा कोळसा पुसायला तेच पहिले धावून आले होते. पक्ष फुटला तेव्हा आजोबा डांग्यांबरोबर राहिले, भाऊजी दुसरीकडे गेले. एके रात्री जिन्यात दोघांची जुंपली. भाऊजी आजोबांना म्हणाले, इंग्रजांच्या खबऱ्याचा चमचा. आजोबा भाऊजींना म्हणाले, चीनचा दलाल.

"ह्यांनी म्हटलं?" मी विचारलं. म्हणजे ज्यांच्या दारावर...

"ह्यांनीच," आजी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी ज्या शब्दानं रडले होते, तोच शब्द."

दोघं पुढे सतरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एका चाळीत, एका नळावर. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा कुठे पहिल्यांदा शेजारी उभे राहिले, आणि तोवर गिरण्याच संपत आल्या होत्या.

देशाशी गद्दारी करणारी माणसं नसतातच, असं मला म्हणायचं नाही. असतात. त्यांच्यासाठी पुरावा असतो, न्यायालय असतं, आणि गांधीजींनी जोशींना विचारले तसे थेट प्रश्न असतात. पण या सगळ्या वाचनात शिक्का मारण्याआधी प्रश्न विचारणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. शिक्का बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मात्र, संधी मिळताच, तोच शिक्का दुसऱ्यावर मारताना भेटला. त्यात माझे आजोबा होते. ८ मेच्या रात्रीनंतर त्यात मीही आहे.

मागच्या रविवारी मी ताईला हे सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी, वर्षानुवर्षं टाळलेलं काम करावं तसं, सॉरी म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"एक सांग," मग ती म्हणाली, "ती बातमी खोटी निघाली म्हणून सॉरी म्हणतोयस का? कराची बंदर खरंच उडवलेलं असतं, तर?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते तेरा जण आठवले. त्यांचं मत बरोबर होतं की चूक, यावर इतिहासकार आजही भांडतात. गांधीजींना तर ते चूकच वाटत होतं.

"तरी तू विचारायलाच हवं होतंस," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ताई म्हणाली, आणि आजीची पावती घडी करून पुन्हा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.